रवंथ

तोआदर होदोरनं गाव्रिलाच्या अंथरुणात हात घातला आणि सावेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अंथरूण ते कसलं! फळ्यांवर वाळकं गवत, त्यावर मेंढीचं कातडं आणि वर एक घोंगडी. तोआदरनं ते सगळं उचललं आणि बाहेर चिखलात भिरकावलं. त्याच्याबरोबर गावातून चौघे वर आले होते. त्यातला एकजण चीजच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता. हात धुतला नव्हता. डोंगर चढून घामेजलेला तो केसाळ हात तसाच पांढऱ्या चीजमध्ये, आणि ते चीज सावेताच्या बापानं आठ दिवस खपून मळलेलं.

गाव्रिला, तिचा बाप, दाराशी उभा राहून बघत होता. कोर्नेत डोंगरावरच्या या मेंढवाड्याचा तो एकतीस उन्हाळे बाच, म्हणजे मुख्य मेंढपाळ, होता. गावातल्या सगळ्या घरांच्या मिळून तीनशे चाळीस मेंढ्या मे महिन्यात त्याच्या हवाली व्हायच्या. थंडी पडेपर्यंत त्यांचं दूध, त्यांचं चीज, त्यांचा जीव, सगळं बाचच्या शिरावर. अशा माणसाची झडती चालली होती.

"काय धुंडतोस, तोआदर?" गाव्रिलानं विचारलं.

"डब्या."

"कसल्या डब्या?"

"माझ्या सात मेंढ्यांच्या गळ्यातल्या. तुझ्या लेकीच्या कंपनीच्या." तोआदरनं फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. "वाच की! मंगळवारी, तुमच्या सात मेंढ्या वाड्यात आहेत. बुधवारी, वाड्यात आहेत. आज सकाळीबी वाड्यातच. मेंढ्या तर कुठं दिसत न्हाईत. मग वाड्यात काय, त्यांची भुतं हायत? पट्टे कापून कुठं पुरलेस ते सांग. मेंढ्या कुणाच्या ट्रकमधी घातल्यास ते मागनं बघू."

"अस्वल व्हतं. तीन दिवस धुकं, हाताला हात दिसंना. बुधवारी पहाटे धारा काढायला, दोहणीला मोजल्या तर नऊ कमी. खालच्या घळीत दोन घावल्या." गाव्रिलानं खिशातून फडकं काढून उलगडलं. आत दोन कान होते, कापलेले, वाळत आलेले, मालकाच्या खुणेची चीर असलेले. जनावरानं मेंढी नेली की बाचनं तिचा कान आणून दाखवायचा, मग त्याच्यावर बोल नाही, अशी इकडची रीत. "हे दोन झोलतानच्या मेंढ्यांचे. तुझ्या सात आणखी खाली गेल्या. तिथं पाणी फुगलंय, उतरता आलं न्हाई."

"म्हंजे कान दोन आन् मेंढ्या नऊ."

"आजवर कान न्हाई घावला तर माझा शब्द चालायचा."

"आजवर डबी नव्हती," तोआदर म्हणाला.

गाव्रिलानं एकदा लेकीकडं पाहिलं. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. सावेताला तेव्हा बोलायला हवं होतं. ती चिखलातल्या घोंगडीकडं बघत राहिली.

"रविवारी चर्च सुटलं की सारा गाव वर येईल," तोआदर जाता जाता म्हणाला. "वाडा कुणाच्या हातात द्यायचा ते तिथं ठरंल. आन् पोलिसांना काय सांगायचं तेबी."

पिंपातला हात बाहेर आला, झटकला गेला, आणि पाचही जण उताराला लागले. सावेता चिखलातली घोंगडी उचलायला वाकली. बापानं ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच झटकून कुंपणावर टाकली.

*

सावेता बाया मारे या शहरात एका लहानशा कंपनीत इंजिनीयर होती. चौतिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, गवताच्या हंगामाला मात्र दर वर्षी पंधरा दिवस रजा काढून घरी. मेंढीच्या गळ्यातली ती डबी तिच्याच डोक्यातून निघाली होती. आतला एकेक भाग तिनं स्वतः निवडलेला. मेंढीच्या मानेला ओझं नको म्हणून बटणाएवढा सेल. त्या सेलवर दोन उन्हाळे निघायला हवेत म्हणून रेडिओचा असा भाग, जो झोपला की जवळजवळ काहीच पीत नाही. त्यासाठी तिनं तीन रेडिओ टेबलावर मांडून सहा महिने घासाघीस केली होती. एक लांबवर ऐकू जायचा पण अधाशी होता. दुसरा काटकसरी, पण टेकडीपलीकडं त्याचा आवाजच पोचायचा नाही. तिसरा तिनं घेतला. जोडीला हालचाल ओळखणारा एक इवलासा भाग. मान स्थिर असली की डबी झोपणार. मान हलली की जागी होऊन डोंगरमाथ्यावर कंपनीनं उभारलेल्या खांबाला हाक मारणार, मी इथं आहे म्हणून. कागदावर हिशेब चोख होता. मे महिन्यात, कुणाला किती चीज ते ठरवायला वाड्यावर दूध मोजतात त्या दिवशी, सगळ्या गावानं हसतखेळत मेंढ्यांना पट्टे बांधले, तेव्हा गाव्रिला म्हणाला होता, "माझी लेक हाय. तिनं केलंय म्हंजे बरोबर असंल."

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर खालच्या कुरणात गवत पालथं घालत होती. धुकं हटलं होतं आणि ऊन असं पडलं होतं की गवताच्या काड्या घामाला चिकटून मानेत शिरायच्या. आई, नास्ता तिचं नाव, साठीची बाई, दाताळं ओढता ओढता एकदम थांबली.

"मला एक सांग. तुझी डबी म्हणते मेंढ्या वाड्यात. तुझा बाप म्हणतो अस्वलानं नेल्या. दोघातलं कोण खोटं बोलतंय?"

सावेता दाताळं ओढत राहिली.

"मी तुला विचारतेय, भवाने!"

"मला माहीत नाही, आई."

"माहीत न्हाई?" नास्तानं दाताळं टाकलंच. "पस्तीस वर्षं ज्याचं खाल्लंस त्याचं तुला माहीत न्हाई? शेजारीण मघा विहिरीवर माझ्याशी बोलली न्हाई. बादली भरली आन् पाठ करून गेली. मी चोराची बायको झाले. आन् तू म्हणतेस माहीत न्हाई!"

सावेताला रडू नाही आलं, राग आला. आईचा, बापाचा, तोआदरचा, सगळ्यांचा. खरी गोष्ट अशी की तिचा डबीवर विश्वास होता. तिनं ती हजार वेळा उघडून मिटली होती. तिच्यातलं काय काय बिघडू शकतं याची तिनं यादी केली होती आणि एकेक कारण खोडलं होतं. बापाची तिनं कधी तशी यादी केली नव्हती. पट्टे कापून कुणी पुरले असतील तर ते कुणाला जमेल, एवढा एक विचार काल सकाळपासून तिच्या डोक्यात येत होता, आणि तो आला की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं. तरी तो यायचाच.

दुपारी ती मक्याचा घाटा आणि कांदा फडक्यात बांधून बापासाठी वर घेऊन गेली. गाव्रिला बीच जातीच्या झाडांच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्यानं फडकं घेतलं आणि बाजूला ठेवलं. मेंढ्या सावलीला बसल्या होत्या. पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि सगळ्यांचे जबडे चाललेले. उजवीकडून डावीकडं, उजवीकडून डावीकडं. तीनशे तोंडांचा तो ओला करकर आवाज सावेतानं लहानपणापासून ऐकला होता. ऐकून ऐकून तो तिला ऐकूच येईनासा झाला होता.

जवळच्या मेंढीच्या मानेवर तिनं सहज हात ठेवला. बोटाखाली मान हलली. घास खाली उतरला, दुसरा वर आला, मान पुन्हा हलली. आणि लोकरीत दडलेल्या डबीवरचा बारीक हिरवा दिवा लुकलुकला. तपासणीसाठी तिनंच तो ठेवला होता, डबी जागी होऊन हाक मारते तेव्हा लागणारा. घास खाली, लुक. घास वर, लुक. मेंढी बसलेली, अर्धी झोपलेली, आणि डबी टक्क जागी, गळा काढून ओरडतेय.

मेंढी रात्रभर रवंथ करते. दुपारभर करते. आठ-आठ, नऊ-नऊ तास.

ती दुसऱ्या मेंढीकडं गेली. तिचा जबडा चाललेला, दिवा मेलेला. तिसरी, लुकलुक. चौथी, मेलेली. पाचवी, मेलेली. गुडघ्यांवर सरकत सरकत तिनं चाळीस मेंढ्या बघितल्या, त्यातल्या सतरांच्या डब्या संपल्या होत्या. दोन उन्हाळे पुरणारा सेल दोन महिन्यांत संपला होता, आणि बहुतेक वाड्यातच, मेंढ्या रात्री बसून चघळत असताना. डबी मेली की कंपनीचं यंत्र तिची शेवटची जागा तशीच दाखवत राहायचं. वाड्यात आहेत. वाड्यात आहेत. जन्मभर वाड्यात आहेत.

पण तिनं तर तपासलं होतं! मार्च महिन्यात, आईच्या गोठ्यात, तीन जनावरांच्या गळ्यात बांधून, पंधरा दिवस. मोठ्या मेंढ्या तेव्हा दिवसभर गवताच्या दूरच्या गंजीपाशी असायच्या आणि हाताशी होती नुकती जन्मलेली कोकरं. दूध पिणारी. पिऊन ढिम्म झोपणारी. दुधावरचं कोकरू रवंथ करत नाही. हे कुणी इंजिनीयर विसरला असता तर सावेतानंच त्याला हसून हसून बेजार केलं असतं.

"काय झालं?" गाव्रिलानं लांबून विचारलं.

"काही नाही, बा," ती म्हणाली. लाजेनं तिची मान वर झाली नाही.

*

शनिवारी कंपनीचा मालक आला. ओविदिउ त्याचं नाव. त्याची जीप जिथं रस्ता संपतो तिथं थांबली आणि तो कुरणातून बुटांना गवत लागणार नाही असा पाय उचलत आला. सावेतानं त्याला आदल्या दिवशीच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकून फक्त एवढंच म्हटलं होतं, कुणाशी बोलू नकोस, मी येतो.

त्यानं कागद पुढं केला. डब्या व्यवस्थित चालत होत्या, पट्टे कुणीतरी कापले असावेत, असा मजकूर. खाली तिच्या सहीची जागा.

"सर, हे खोटं आहे."

"हे सावध आहे," तो म्हणाला. "चाळीस गावांत आपल्या डब्या गेल्यात. एका वाड्यावरून बोभाटा झाला तर सगळ्या परत येतील. सेल आपण गुपचूप बदलू, मोठे घालू. सात मेंढ्याही देऊ, तुझ्या वडिलांच्या नावानं."

"त्यांच्या नावानं दिल्या म्हणजे त्यांनी चोरल्या असं होईल."

"लोक विसरतात गं."

"इथं विसरत नाहीत! इथं आज्यानं काय केलं ते नातवाला ऐकवतात!" तिनं हातातलं दाताळं जमिनीत रोवलं. "मेलेली डबी फोनवर करडी दाखवायची असं मी लिहून दिलं होतं. करडा ठिपका दिसला असता तर एकही माणूस माझ्या बापाच्या अंथरुणापर्यंत आला नसता. तो रंग कुणी काढायला लावला?"

"करडे ठिपके बघून गिऱ्हाईक घाबरतं."

"म्हणून खोटे हिरवे दाखवायचे?"

ओविदिउनं रुमालानं मान पुसली. मग शांतपणे, जवळजवळ मायेनं म्हणाला, "आणि कोकरांवर कुणी तपासलं, सावेता? मी? मी तर शहरातला माणूस, मला मेंढी आणि बकरी कळत नाही. धनगराची पोर म्हणून मी तुला घेतलं. हे बाहेर आलं तर तुला कुणी साधा दिवा जोडायला तरी ठेवेल का? मी कुणाला सांगणार नाही. तू सही कर."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. नास्ता गंजीपाशी उभी राहून दोघांकडं बघत होती.

"उद्या या," सावेता म्हणाली. "सगळ्या गावासमोर हा कागद मोठ्यानं वाचा. मग करते सही."

त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. रविवारी तो आला नाही.

*

गाव आला. चर्चचे कपडे घातलेले, पांढरे सदरे, बायकांच्या डोक्याला फुलाफुलांचे रुमाल, पोराटोरांसकट. गाव्रिला रोजच्यासारखाच कळप घेऊन पलीकडच्या उतारावर गेला होता. दुपारच्या दोहणीला येतो, म्हणाला होता, तोवर काय ते ठरवा. वाडा रिकामा होता. कुंपणाच्या आत नुसत्या लेंड्या आणि माश्या.

तोआदरनं घसा खाकरला. त्यानं दोन वाक्यं म्हटली नाहीत तोच सावेता कुंपणाची फळी चढून आत उतरली.

"सगळ्यांनी आत या," ती म्हणाली. "फोन घेऊन या. या की! अंथरुणात हात घालायला आलात, आता इथं पाय घालायला काय होतंय?"

कुरकुरत लोक आत आले. चांगले बूट लेंड्यांत रुतले.

"आता आपापला फोन विचारा, मेंढ्या कुठं हायत."

थोडा वेळ माना खाली होत्या. मग झोलतान म्हणाला, "माझ्या अकरातल्या पाच वाड्यात."

"माझ्या नऊच्या नऊ वाड्यात," एक म्हातारी म्हणाली, आणि तिनं पायाखाली बघून छातीवर क्रूस काढला.

"माझ्या सहा वाड्यात."

"माझ्या चार."

पलीकडच्या उतारावरून सगळ्या कळपाच्या घंटा ऐकू येत होत्या. इथं वाड्यात दीडशे मेंढ्या फोनमध्ये उभ्या होत्या आणि माणसांच्या पायात एक शेपूट नव्हतं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तोआदरचा चेहरा गाजरासारखा लाल झाला.

"सेल संपलेत," सावेता म्हणाली. "डबी मेली की शेवटची जागा सांगत राहते. कंपनीनं मुद्दाम तसं ठेवलं, तुम्ही घाबराल म्हणून. ते त्यांचं पाप. सेल संपले ते माझं. मान हलली की डबी जागी होते आणि मेंढी रात्रभर रवंथ करते. मी तपासलं ते कोकरांवर. दुधावरच्या."

मग ती मघाची म्हातारी म्हणाली, "अगं, कोकरू कुठं रवंथ करतंय?" आणि सगळा वाडा फुटला. बाया रुमालाची टोकं तोंडाला लावून हसल्या, बाप्ये मांडीवर हात मारून हसले. "बाचची लेक!" कुणी म्हणालं. "सोळा वर्षं शाळा शिकली!" सावेता तशीच उभी राहिली. तिला आणखी बोलायचं होतं, आणि ते सगळ्यात जड होतं.

"हसा. मी हसण्याच्याच लायकीची आहे. पण तुम्ही एका डबीचं ऐकून माझ्या बापाला चोर म्हणालात. आणि मीसुद्धा." तिनं कुंपणाची फळी धरली. "दोन दिवस मलासुद्धा वाटलं, त्यानंच विकल्या असतील. मी त्याला विचारलंही नाही."

हसू थांबलं, पण तिच्या बोलण्यानं नाही. घंटा एकदम जवळ आल्या होत्या. गाव्रिला कुंपणापाशी उभा होता, मागं कळप. त्यानं किती ऐकलं होतं ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. मग त्यानं लेकीवरून नजर काढून घेतली, तेव्हा कळलं. सगळं ऐकलं होतं.

तोआदर पुढं झाला. "गाव्रिला, झालं गेलं विसर. गैरसमज झाला. वाडा तुझाच. तुझ्याशिवाय कोण हाय?"

"बाहेर व्हा सगळे," गाव्रिला म्हणाला.

लोक बाहेर आले. त्यानं कळप आत घेतला आणि दोहणीचं अरुंद फाटक उघडलं, एका वेळी एकच मेंढी निघेल एवढं. लेकीकडं न बघता म्हणाला, "फाटक धर." सावेतानं फाटक धरलं.

पहिली मेंढी आली. गाव्रिलानं तिच्या कानाकडं बघितलं नाही, खुणेकडं नाही. तोंड बघितलं, कातरीनं गळ्यातला पट्टा कापून चिखलात टाकला आणि हाक दिली, "झोलतान."

झोलतान गोंधळला. "काय?"

"तुझी मेंढी. घे."

"अरे पण... आता? जुलैमधी?"

"पुढची. होदोर. घे, तोआदर."

तेव्हा लोकांना उमगलं. "गवत पडलंय माझं कापलेलं!" तोआदर ओरडला. "रोज दोनदा दूध कोण काढंल? चरायला कोण नेईल?"

"ज्याच्या मेंढ्या तो." कातर चालली. "झोलतान. पेट्राची विधवा. होदोर. झोलतान. होदोर."

बायका विनवायला लागल्या. कुणी त्याच्या आईचं नाव घेतलं, कुणी देवाचं. त्याचा हात थांबला नाही आणि एकदाही चुकला नाही. जवळजवळ तीनशे तोंडं त्यानं ओळखली आणि धन्याच्या हवाली केली. चर्चच्या सदऱ्यातली माणसं मेंढ्यांच्या मागं धावत होती, एकीला धरावं तर दुसरी पळायची, पांढऱ्या बाह्या लेंड्यांनी भरल्या. ऊन कललं. सावेताचे हात फाटक ओढून ओढून सोलवटले. तिला वाटत होतं, करू दे, बरंच करतोय, असंच पाहिजे यांना. सगळ्यांचं झालं की दोघं मिळून घरच्या मेंढ्यांचं दूध काढू, चूल पेटवू, मग ती त्याच्या पाया पडेल.

वाड्यात चाळीसेक मेंढ्या उरल्या, घरच्या. गाव्रिला थांबला. त्यानं कातर पँटला पुसली. मग एका काळ्या तोंडाच्या मेंढीला फाटकाशी आणलं, पट्टा कापला आणि त्याच आवाजात हाक दिली.

"सावेता."

तिला आधी कळलंच नाही. तिच्या बाप्तिस्म्याला त्यानं एक मेंढी तिच्या नावानं सोडली होती, त्या वेलाच्या चार मेंढ्या अजून तिच्या म्हणून कळपात होत्या. त्यांचं दूध आजवर त्यानंच काढलेलं. वेगळं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं.

"बा," ती म्हणाली. "मी फाटक धरलंय."

"फाटकाचं काम झालं," गाव्रिला म्हणाला. "चार हायत. मोजून घे."

त्यानं बाकीच्या तीन एकेक करून पुढं आणल्या, पट्टे कापले, आणि चौथी बाहेर पडल्यावर फाटक स्वतः ओढून आतून दोरी घातली. सावेता थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग दूध काढायची वेळ टळत चालली होती, म्हणून चारही मेंढ्या पुढं घालून ती गावाकडच्या वाटेनं बाकीच्या लोकांमागं चालायला लागली.